युद्धजन्य ताणाचे मेंदूवरील दीर्घकालीन परिणाम

युद्धजन्य ताण म्हणजे प्रत्यक्ष लढाईत किंवा युद्धक्षेत्रातील दीर्घ वास्तव्यात सैनिकाच्या शरीरावर व मनावर पडणारा तीव्र ताण होय. मृत्यूचे सततचे भय, सहकाऱ्यांचा डोळ्यांदेखत झालेला अंत, स्वतःच्या हातून घडलेली प्राणहानी, जागरण आणि स्फोटांचे धक्के हे त्याचे प्रमुख घटक होत. युद्धभूमीवरून परतल्यावर बहुतेक सैनिकांमधील ताणाची लक्षणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात. काहींमध्ये मात्र ती वर्षानुवर्षे टिकतात आणि त्यांना आघातोत्तर ताणविकार जडतो. हा विकार पीटीएसडी या नावानेही ओळखला जातो. अशा सैनिकांच्या मेंदूची रचना आणि कार्य यांत सरासरीने काही फरक आढळले आहेत. हे फरक युद्धामुळे निर्माण झाले, की ते आधीपासूनच असल्यामुळे विकाराचा धोका वाढला, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे. सैनिकाला जखमी मानावे की भ्याड, त्याला निवृत्तिवेतन द्यावे की शिक्षा, हे विसाव्या शतकात अनेकदा याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरले.

इतिहास

प्रारंभिक नोंदी

ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इ.स.पू. ४९० मधील मॅरेथॉनच्या लढाईचे वर्णन करताना एपिझेलस या अथेन्सच्या सैनिकाची हकिगत दिली आहे. शरीराला कोठेही इजा झालेली नसताना लढाईच्या ऐन भरात त्याची दृष्टी गेली आणि ती आयुष्यभर परत आली नाही. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्याने मायभूमीपासून दूर राहणाऱ्यांना जडणाऱ्या विकाराला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले. पुढे परमुलखात लढणाऱ्या भाडोत्री स्विस सैनिकांशी या विकाराची सांगड घातली गेली.

अमेरिकेतील यादवी युद्धात जेकब मेंडेस डा कोस्टा या डॉक्टरांनी छातीत धडधड, वेदना, दम लागणे आणि अतीव थकवा अशा तक्रारी असलेल्या सैनिकांची तपासणी केली. त्यांतील अनेकांच्या हृदयात कोणताही रचनात्मक दोष सापडत नव्हता. १८७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात डा कोस्टा यांनी या स्थितीला 'चिडखोर हृदय' अशा अर्थाचे नाव दिले. ताणाची लक्षणे शरीरात प्रकट होतात, याची ही महत्त्वाची वैद्यकीय नोंद मानली जाते.

पहिले महायुद्ध आणि शेल शॉक

पहिल्या महायुद्धात तोफांच्या अखंड भडिमाराखाली खंदकांत राहणाऱ्या सैनिकांमध्ये कंप, मुकेपणा, अंधत्व, पक्षाघात आणि स्मृतिनाश अशी लक्षणे मोठ्या प्रमाणावर दिसू लागली. फेब्रुवारी १९१५ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी 'द लॅन्सेट' या नियतकालिकात अशा तीन सैनिकांविषयी निबंध लिहिला आणि 'शेल शॉक' ही संज्ञा वैद्यकीय वाङ्मयात रूढ झाली. युद्ध संपेपर्यंत एकट्या ब्रिटिश सैन्यात शेल शॉकच्या सुमारे ८०,००० रुग्णांवर उपचार झाल्याचे सांगितले जाते.

या लक्षणांच्या कारणाविषयी दोन मते होती. फ्रेडरिक मॉट यांच्या मते स्फोटाच्या दाबलहरींमुळे मेंदूला सूक्ष्म इजा होत असावी. परंतु स्फोटाच्या जवळपासही नसलेल्या अनेक सैनिकांत तीच लक्षणे दिसत असल्याने मायर्स यांचा कल मानसिक कारणांकडे झुकला. सैन्याच्या व्यवहारात या मतभेदाला तत्काळ महत्त्व आले. काही काळ अशा रुग्णांची दोन गटांत विभागणी केली जात असे. शत्रूच्या स्फोटामुळे आजारी झालेल्यास 'जखमी' मानून त्याला निवृत्तिवेतनाचा आणि गणवेशावर जखमेची पट्टी लावण्याचा अधिकार मिळे. इतरांची नोंद केवळ 'आजारी' अशी होई व हे अधिकार त्यांना मिळत नसत.

उपचारांतही भेदभाव होता. एडिंबराजवळील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे अधिकाऱ्यांवर संवादाच्या मार्गाने उपचार करीत. कवी सीगफ्रीड ससून हे त्यांचे रुग्ण होते. हेच रिव्हर्स त्याआधी निलगिरीतील तोडा जमातीवरील १९०६ मधील ग्रंथामुळे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध होते. याउलट लंडनमधील एका रुग्णालयात लुईस यीलँड हे मुके झालेल्या साध्या सैनिकांवर विजेच्या धक्क्यांचा प्रयोग करीत.

भारतीय सैनिकांकडे अधिक संशयाने पाहिले गेले. १९१४ च्या अखेरीस फ्रान्समध्ये लढणाऱ्या भारतीय तुकड्यांत हाताच्या जखमांचे प्रमाण जास्त दिसल्याने, युद्धातून सुटका व्हावी म्हणून सैनिक स्वतःलाच जखमा करून घेतात, असा प्रवाद पसरला. इंग्लंडमधील ब्रायटन येथील किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी १९१५ मध्ये १,००० जखमांची पद्धतशीर तपासणी केली. सर्रास आत्मइजेच्या आरोपाला तीत आधार मिळाला नाही.

पळून जाणे, भ्याडपणा यांसारख्या लष्करी गुन्ह्यांसाठी या युद्धात गोळ्या घालून ठार केलेल्या ब्रिटिश व राष्ट्रकुलातील ३०६ सैनिकांना २००६ मध्ये ब्रिटनच्या संसदेने कायद्याद्वारे मरणोत्तर माफी दिली. त्यांतील काही जण शेल शॉकने ग्रस्त होते, हे या माफीच्या मागणीमागील प्रमुख कारण होते.

दुसरे महायुद्ध ते व्हिएतनाम

१९२२ मध्ये लॉर्ड साउथबरो यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 'शेल शॉक' ही संज्ञा वापरू नये अशी शिफारस केली. १९४१ मध्ये अमेरिकन मनोविश्लेषक एब्रम कार्डिनर यांनी पहिल्या महायुद्धातील माजी सैनिकांवरील अनुभवाच्या आधारे ग्रंथ लिहिला. या विकाराची लक्षणे मनात जितकी असतात तितकीच शरीराच्या प्रतिक्रियांतही रुजलेली असतात, असे प्रतिपादन त्यांनी केले. तरीही लष्करातील जुनी दृष्टी कायम होती. ऑगस्ट १९४३ मध्ये सिसिलीतील लष्करी रुग्णालयांत जनरल जॉर्ज पॅटन यांनी युद्धजन्य ताणाने खचलेल्या दोन सैनिकांना भ्याड म्हणून थपडा मारल्या. या प्रकरणी जनरल आयझेनहॉवर यांनी त्यांना क्षमायाचना करण्यास भाग पाडले.

अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९५२ मधील निदानपुस्तिकेत तीव्र ताणाच्या प्रतिक्रियेचा समावेश होता. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीतून, म्हणजे व्हिएतनाम युद्ध ऐन भरात असताना, तो वगळण्यात आला. परतलेल्या सैनिकांनी आणि रॉबर्ट लिफ्टन, चैम शटान यांच्यासारख्या मानसोपचारतज्ज्ञांनी केलेल्या पाठपुराव्यानंतर १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत पीटीएसडी या विकाराला स्थान मिळाले.

लक्षणे

पीटीएसडीची लक्षणे साधारणपणे चार गटांत मांडली जातात. पहिल्या गटात आघाताचा पुनरनुभव येतो. दुःस्वप्ने पडतात, किंवा जागेपणीच ती घटना पुन्हा घडत असल्याचा भास होतो. दुसऱ्या गटात त्या घटनेची आठवण करून देणारी माणसे, जागा आणि संभाषणे टाळण्याची वृत्ती येते. अपराधीपणा, भावनिक बधिरता आणि आप्तांपासून तुटल्याची भावना हा तिसरा गट होय. अतिसावधता, दचकणे, चिडचिड आणि निद्रानाश यांचा समावेश चौथ्या गटात होतो. ही लक्षणे एक महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यांमुळे दैनंदिन जीवन विस्कळीत झाले, तरच विकाराचे निदान केले जाते.

ताणप्रतिसादाची यंत्रणा

धोका जाणवताच मेंदूतील अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग सक्रिय होतो. त्याच्या संदेशांमुळे अनुकंपी चेतासंस्था जागृत होऊन अॅड्रेनॅलिन व नॉरअॅड्रेनॅलिन ही रसायने स्रवतात. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायूंना अधिक रक्त मिळते आणि लक्ष धोक्यावर केंद्रित होते. त्यापाठोपाठ हायपोथॅलॅमस, पियुषिका ग्रंथी व अधिवृक्क ग्रंथी यांच्या साखळीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. ते शरीराला ऊर्जा पुरवते आणि पुढे हा संपूर्ण प्रतिसाद थांबविण्यासही मदत करते.

रणभूमीवर ही यंत्रणा जीव वाचवते. रस्त्यावरील बेवारस पिशवीत बॉम्ब असू शकतो, हे गृहीत धरणारा सैनिकच तेथे तग धरतो. घरी परतल्यानंतरही मेंदू तोच नियम लागू करत राहिला, की फटाक्याच्या आवाजाने माणूस जमिनीवर आडवा होतो आणि बाजारातील गर्दीत त्याला घाम फुटतो.

नॉरअॅड्रेनॅलिनचा या लक्षणांशी असलेला संबंध १९९३ मध्ये स्टीव्हन साउथविक व सहकाऱ्यांच्या प्रयोगात दिसून आला. मेंदूतील या रसायनाचा स्राव वाढविणारे योहिम्बिन हे औषध पीटीएसडी असलेल्या व्हिएतनाम युद्धातील २० माजी सैनिकांना देण्यात आले. त्यांपैकी १४ जणांना तीव्र भीतीचा झटका आला, तर ८ जणांना युद्धातील प्रसंग पुन्हा घडत असल्याचा अनुभव आला. कॉर्टिसॉलच्या बाबतीत चित्र गुंतागुंतीचे आहे. दीर्घ ताणात ते वाढलेले असेल अशी अपेक्षा असताना पीटीएसडीच्या अनेक रुग्णांत त्याची पातळी कमी आढळली. सर्व अभ्यासांत मात्र असा निष्कर्ष निघालेला नाही.

मेंदूतील फरक

अमिग्डाला: पीटीएसडीच्या रुग्णांना भयभीत चेहऱ्यांची चित्रे दाखविल्यास किंवा आघाताची आठवण करून दिल्यास हा भाग प्रमाणाबाहेर सक्रिय होत असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

प्रीफ्रंटल कॉर्टेक्स: कपाळामागील हा भाग विचार, निर्णय आणि भावनांचे नियंत्रण यांच्याशी निगडित आहे. त्याच्या मधल्या बाजूचा भाग आणि त्यालगतचा अग्र सिंग्युलेट कॉर्टेक्स हे धोका टळल्यावर अमिग्डालाला आवर घालतात, असे मानले जाते. पीटीएसडीमध्ये त्यांची सक्रियता बऱ्याचदा कमी दिसते.

हिप्पोकॅम्पस: एखादी घटना कोठे आणि केव्हा घडली, हे स्मृतीत नोंदविण्याचे काम हा भाग करतो. त्याच्या कार्यात बाधा आल्यास भूतकाळातील भय वर्तमानातील वाटू शकते, अशी उपपत्ती मांडली जाते. १९९५ मध्ये डग्लस ब्रेम्नर व सहकाऱ्यांनी एमआरआय तपासणीच्या आधारे पीटीएसडी असलेल्या व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांत उजव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस तुलनागटापेक्षा ८ टक्क्यांनी लहान असल्याचे नोंदविले. अनेक देशांतील १,८६८ व्यक्तींच्या मेंदूप्रतिमा एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणातही हा फरक आढळला. त्याचे प्रमाण मात्र अल्प होते.

कारण की परिणाम

जुळ्या भावांचे अभ्यास

हिप्पोकॅम्पस लहान असल्याचे आढळल्यावर युद्धाच्या ताणाने तो आक्रसतो, असा तर्क प्रथम करण्यात आला. प्राण्यांवरील प्रयोगांत दीर्घ ताणाने या भागातील चेतापेशींच्या शाखा आखूड होत असल्याचे दिसल्याने त्याला बळही मिळाले. हा तर्क तपासण्यासाठी रॉजर पिटमन यांच्या गटाने एकबीज जुळ्या भावांचा अभ्यास केला. प्रत्येक जोडीतील एक भाऊ व्हिएतनाममध्ये लढला होता आणि दुसरा युद्धावर गेला नव्हता. दोघांची जनुके सारखीच असल्यामुळे न लढलेल्या भावाचा मेंदू हा लढलेल्या भावाच्या युद्धापूर्वीच्या मेंदूचा अंदाज देऊ शकतो, हे या पद्धतीचे सूत्र आहे.

२००२ मध्ये मार्क गिल्बर्टसन यांच्या नेतृत्वाखाली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. तीव्र पीटीएसडी असलेल्या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस लहान होताच; परंतु घरी राहिलेल्या त्यांच्या भावांचाही तो तेवढाच लहान होता. याचा अर्थ, निदान या गटात, लहान हिप्पोकॅम्पस हा युद्धाचा परिणाम नसून विकाराची शक्यता वाढविणारा पूर्वघटक असावा.

त्याच पद्धतीच्या अन्य अभ्यासांनी प्रश्नाची दुसरी बाजू समोर आणली. अचानक मोठा आवाज ऐकल्यावर हृदयगतीत होणारी जादा वाढ केवळ पीटीएसडी असलेल्या सैनिकांत आढळली, त्यांच्या जुळ्या भावांत नाही. हा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. २००८ मध्ये अग्र सिंग्युलेट कॉर्टेक्सच्या एका भागातील करड्या द्रव्याच्या घटीबाबत हेच दिसले. एखादा संकेत आता धोक्याचा राहिलेला नाही, हे शिकल्यानंतर ते लक्षात ठेवण्याच्या क्षमतेबाबतही त्याच वर्षी तसाच निष्कर्ष निघाला. हे बदल युद्धानंतर उद्भवलेले असावेत, असे त्यावरून मानले जाते. पूर्वघटक आणि युद्धाचे परिणाम हे दोन्ही एकाच व्यक्तीत एकत्र असू शकतात.

पूर्वघटक असणे म्हणजे विकार अटळ असणे नव्हे. लहान हिप्पोकॅम्पस असूनही युद्धावर न गेलेल्या या भावांना युद्धजन्य पीटीएसडी झाला नव्हता.

मेंदूच्या इजांवरून मिळालेली माहिती

२००८ मध्ये मायकेल कोनिग्स व सहकाऱ्यांनी व्हिएतनाममध्ये डोक्याला भेदक जखमा झालेल्या माजी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या अमिग्डालाला इजा झाली होती त्यांच्यापैकी एकालाही पीटीएसडी झाला नव्हता. प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या खालच्या मध्यभागाला इजा झालेल्यांतही त्याचे प्रमाण कमी होते. हा दुसरा निष्कर्ष, प्रीफ्रंटल भाग केवळ भीतीला आवर घालतो, या सोप्या चित्रात बसत नाही. त्या भागाचे कार्य त्याहून व्यापक असल्याचे त्यावरून दिसते.

युद्धापूर्वी आणि युद्धानंतर

काही अभ्यासांत सैनिकांची युद्धावर जाण्यापूर्वीच तपासणी करून परतल्यावर ती पुन्हा करण्यात आली. २००६ मध्ये जेनिफर व्हास्टरलिंग व सहकाऱ्यांनी ९६१ अमेरिकी सैनिकांवरील असा अभ्यास प्रसिद्ध केला. इराकमध्ये गेलेल्या सैनिकांत अवधान, शाब्दिक अध्ययन व दृश्यस्मृती यांत किंचित घट आढळली. त्यांचा प्रतिक्रियेचा वेग मात्र न गेलेल्यांपेक्षा अधिक होता.

नेदरलँड्समध्ये गिडो व्हान विंगेन यांच्या गटाने अफगाणिस्तानात चार महिने तैनात राहिलेल्या ३३ निरोगी सैनिकांच्या मेंदूची तपासणी केली आणि न गेलेल्या २६ सैनिकांशी त्यांची तुलना केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार परतल्यानंतर लगेच मध्यमेंदूची सक्रियता व त्यातील ऊतींची घडण यांत घट झाली होती आणि दीर्घकाळ लक्ष केंद्रित करण्याची क्षमताही घसरली होती. सुमारे दीड वर्षाने हे बदल भरून आले. मध्यमेंदू व प्रीफ्रंटल कॉर्टेक्स यांमधील जोडणीतील घट मात्र तेव्हाही टिकून होती. हे सैनिक आजारी नसल्यामुळे या अभ्यासाला विशेष महत्त्व आहे. युद्धाचा ताण निरोगी मेंदूवरही ठसा उमटवतो, त्यातील बराचसा पुसला जातो आणि काही अंश उरतो, असे त्यातून दिसते.

स्फोटांचा भौतिक आघात

इराक व अफगाणिस्तानातील युद्धांत रस्त्याकडेला पेरलेल्या स्फोटकांमुळे मॉट यांचा जुना प्रश्न पुन्हा चर्चेत आला. २०१६ मध्ये डॅनियल पर्ल व सहकाऱ्यांनी स्फोटांना सामोरे गेलेल्या आठ मृत सैनिकांच्या मेंदूंचे सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षण प्रसिद्ध केले. करडे व श्वेत द्रव्य यांच्या सीमेवर, तसेच रक्तवाहिन्यांभोवती आणि मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्यांच्या कडांना, चेतापेशींना आधार देणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशींचे वैशिष्ट्यपूर्ण व्रण आढळले. अशा व्रणांचा एमआरआय तपासणीत सहसा मागमूस लागत नाही. त्यामुळे शेल शॉकच्या काही रुग्णांत मेंदूला खरोखरच इजा झालेली असण्याची शक्यता बळावली. एकाच सैनिकात स्फोटजन्य इजा आणि मानसिक आघात दोन्ही असू शकत असल्याने लक्षणांचे नेमके कारण वेगळे काढणे कठीण ठरते.

कालावधी आणि वार्धक्य

व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाने १९८० च्या दशकात ३०.९ टक्के पुरुष सैनिकांना आयुष्यात केव्हातरी पीटीएसडी झाल्याचा अंदाज दिला. २००६ मध्ये लष्करी नोंदींशी पडताळणी करून आणि अधिक कठोर निकष लावून केलेल्या पुनर्विश्लेषणात हे प्रमाण १८.७ टक्के आले. २०१५ मधील पाठपुराव्यानुसार युद्धानंतर सुमारे ४० वर्षांनीही २,७१,००० माजी सैनिकांत पूर्ण किंवा अंशतः निकषांत बसणारा विकार कायम होता.

क्रिस्टिन याफे व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतील १,८१,०९३ माजी सैनिकांच्या वैद्यकीय नोंदी तपासल्या. सात वर्षांच्या कालावधीत पीटीएसडी असलेल्यांपैकी १०.६ टक्के, तर नसलेल्यांपैकी ६.६ टक्के व्यक्तींना स्मृतिभ्रंश झाला. हा सहसंबंध आहे. ताणामुळेच स्मृतिभ्रंश होतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

उपचार

पहिल्या महायुद्धातच आघाडीजवळ, तत्काळ आणि 'तू बरा होऊन परतशील' या अपेक्षेने उपचार करण्याचे तत्त्व विकसित झाले. १९८२ च्या लेबनॉन युद्धातील इस्रायली सैनिकांचा झहावा सॉलोमन यांनी २० वर्षे पाठपुरावा केला. आघाडीवर उपचार मिळालेल्यांत दीर्घकालीन लक्षणे तुलनेने कमी आढळली.

सध्या आघातकेंद्री मानसोपचारांना प्राधान्य दिले जाते. एडना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत रुग्ण सुरक्षित वातावरणात आघाताची आठवण वारंवार सांगतो आणि टाळलेल्या प्रसंगांना टप्प्याटप्प्याने सामोरा जातो. पॅट्रिशिया रेसिक यांच्या पद्धतीत अपराधीपणासारख्या घट्ट बसलेल्या समजुती तपासल्या जातात. या उपचारांनी जुनी भीती पुसली जात नाही. ती आता लागू नाही, हे नवे शिक्षण तिच्या जोडीला दृढ होते, असे मानले जाते. औषधांपैकी सर्ट्रालिन व पॅरॉक्सेटिन यांना अमेरिकेत पीटीएसडीसाठी मान्यता आहे. दुःस्वप्नांसाठी वापरले जाणारे प्राझोसिन मात्र २०१८ मध्ये ३०४ माजी सैनिकांवरील चाचणीत औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

जोनाथन शे यांनी १९९४ मधील 'अकिलीस इन व्हिएतनाम' या ग्रंथात वरिष्ठांकडून झालेल्या विश्वासघाताचा सैनिकाच्या मनावर होणारा परिणाम मांडला. त्यातून पुढे 'नैतिक जखम' ही संकल्पना विकसित झाली. सैनिकाचे दुःख केवळ भयातून नव्हे, तर अपराधभावनेतून व अन्यायाच्या जाणिवेतूनही येते, यावर ती भर देते.

निष्कर्षांच्या मर्यादा

या क्षेत्रातील संशोधन मुख्यतः अमेरिका, पश्चिम युरोप व इस्रायल येथील पुरुष सैनिकांवर झालेले आहे. बरेच अभ्यास लहान गटांवर आधारित आहेत. मद्यपान, नैराश्य, डोक्याला पूर्वी झालेली इजा आणि बालपणातील आघात यांचा प्रभाव वेगळा काढणे प्रत्येक वेळी शक्य होत नाही. आढळलेले फरक गटांच्या सरासरीतील असून निरोगी व्यक्ती आणि रुग्ण यांची मोजमापे एकमेकांत मोठ्या प्रमाणावर मिसळतात. त्यामुळे एखाद्या सैनिकाच्या एमआरआय प्रतिमेवरून त्याला पीटीएसडी आहे किंवा नाही, हे सांगता येत नाही. निदान आजही मुलाखत व लक्षणे यांच्या आधारेच केले जाते. प्रतिमेत दोष न दिसणे हा विकार नसल्याचा पुरावा मानला जात नाही.